तांकोच्या छातीला न कळलेली गोष्ट

तांको आमच्या अमीरांचा अल्गैता वाजवणारा. अल्गैता म्हणजे सनईच म्हणा, फक्त झोपलेला उंट उठून बसेल इतकी कर्कश. मी नगरपालिकेच्या हिशेब खात्यात आहे. आमच्या दोन घरांत एकच मातीची भिंत आहे, त्यामुळे त्याची सगळी तालीम मला फुकट ऐकायला मिळते.

ईदच्या नमाजानंतर अमीर घोड्यावरून महालाकडे निघतात आणि तांको पुढे वाजवत चालतो. मैदानापासून दरवाजापर्यंत सूर तुटता कामा नये. गालात हवा साठवायची, ती फुंकत असतानाच नाकाने नवी घ्यायची. मागच्या ईदला खाटीकआळीत त्याला खोकला आला आणि सूर तुटला. अमीर म्हणाले, "पुन्हा तुटला तर मुख्य वाजंत्र्याची पगडी गाम्बोला."

गाम्बो त्याचा मामेभाऊ आणि त्याच्या हाताखालचा वाजंत्री. आमच्यात मामेभावाने थट्टा केली नाही तर तो आजारी आहे असं समजतात.

"म्हाताऱ्या, पगडी धुऊन ठेव. मला मळलेली चालत नाही."

"आधी डोक्यात काहीतरी भर. नाहीतर गळ्यात उतरेल."

तांकोने उपाय काढला. छाती कमवायला अल्गैतेच्या तोंडाशी, जिथे फुंकतात तिथे, अशी जाड पत्ती बसवली की मी फुंकून पाहिलं तेव्हा फक्त डोळ्यांपुढे काजवे चमकले. पहिले काही दिवस तो दोन फुंकांत भिंतीला टेकायचा. बरगड्या इतक्या दुखायच्या की माझ्या विनोदांना हसायलाही नकार द्यायचा. मग छाती सरावली. जोर लावायचा विचारसुद्धा करावा लागेना, भाता आपोआप चालू लागला. पण मानेच्या शिरा दोरखंडासारख्या फुगत, आणि त्याच्या बायकोला, कान्देला, ते बघवेना.

ईदच्या सकाळी तांको अंघोळीला गेला तेव्हा तिने पत्ती टाचा घासायच्या दगडावर घासून चांगली पातळ केली. भिंतीवरून मला सांगितलंही.

"आता माझ्या माणसाला त्रास नाही होणार."

"छान केलंत, वहिनी," मी म्हणालो. मला तरी काय ठाऊक होतं?

मैदानावर तांकोने नेहमीच्या ताकदीने फुंकर मारली. पत्ती बदलली होती, हे त्याच्या छातीला कोणी सांगितलंच नव्हतं. असा काही चीत्कार निघाला की घोड्यांना ती दौडीची खूण वाटली. अमीरांसकट सगळे घोडे सुटले. तांको वाजवत मागे धावला. अमीरांना एकटं कसं पाठवायचं? मी नवा झगा गुडघ्यांपर्यंत धरून त्याच्यामागे, आणि सूर कधी तुटतो ते ऐकायला गाम्बो अगदी त्याला चिकटून.

छाती अजून जाड पत्तीच्या हिशेबाने हवा ढकलत होती. जास्त श्वासाने तांकोचं डोकं हलकं झालं, बोटांना मुंग्या आल्या आणि त्याला हसू फुटलं. हसू अल्गैतेतूनच बाहेर येत होतं. सूर खदखदत होता, हिंदकळत होता, पण चालू होता. खाटीकआळी मागे पडली. मग हळूहळू छातीच्या लक्षात आलं असावं. जोर ओसरला आणि सूर असा गुळगुळीत झाला की मी धावता धावता मान डोलावली.

दरवाजाशी अमीर वाट पाहत होते. पगडीचं एक टोक सुटून कानावर लोंबत होतं.

"गाम्बो, तू जवळ होतास. तुटला का?"

गाम्बो गुडघ्यांवर हात टेकून धापा टाकत होता. त्याने एक बोट वर केलं, जरा दम घेऊ द्या. अमीर थांबले. तांको वाजवतच होता, कारण थांब असं कोणी म्हटलंच नव्हतं.

"ना... ही," गाम्बो शेवटी म्हणाला. "मेला... तुटतच... नाही."

"मग पगडी त्याचीच," अमीर म्हणाले. "आता त्याला कोणीतरी आवरा."

कान्दे बायकांच्या घोळक्यातून पुढे आली आणि तिने नवऱ्याचं नाक चिमटीत धरलं.