कुसुमबरोबर पळून जाताना

दुपारी मी आणि शेजारची कुसुम एक नायजेरियन मालिका बघत बसलो होतो. लागोस शहरातल्या दोन जिवलग मैत्रिणी. एकीच्या हातून खून होतो. ती दुसरीला फोन करून नुसतं "निघायचंय" म्हणते आणि दुसरी पायात चप्पल सरकवून निघतेसुद्धा. मागे पोलीस, मागे गुंड, आणि या दोघी बसमध्ये एकाच कणसावरून भांडताहेत.

कुसुमने एकदम विचारलं, "मी असा फोन केला तर येशील?"

"आधी सांग, तू केलंस काय?"

ती अर्धा चहा तसाच टाकून उठली. "मैत्रीण असं विचारत नाही," म्हणाली आणि घरी निघून गेली.

मला रागच आला. पासष्टाव्या वर्षी खून कोण करतं! पण त्या लागोसच्या पोरीने खरंच एक शब्द विचारला नव्हता. वयाबरोबर शहाणपण येतं म्हणतात. मला वाटतं, नुसत्या चौकशा वाढतात.

संध्याकाळी पिशवीत एक साडी, रक्तदाबाच्या गोळ्या आणि थोडा चिवडा भरून मी तिची बेल वाजवली.

"चल, निघू."

"अगं, कुठे?"

"मी काही विचारत नाहीये. तूही विचारू नकोस."

कुसुम माझ्याकडे बघत राहिली, मग पिशवीकडे. हसता हसता तिने पदराने डोळे पुसले.

"आज नको गं," ती म्हणाली, "इडलीचं पीठ वाटून ठेवलंय. सकाळी इडल्या खाऊ आणि मग पळू."