आमच्या घरी अजून आषाढ

"अल्झायमर है," डॉक्टर म्हणाले. सासूबाई शेजारीच बसल्या होत्या, तरी ते माझ्याकडे बघून बोलले. मला तिथेच राग आला.

सासूबाईंना मी आईच म्हणते. आई फोडणी देऊन गॅस बंद करायला विसरायच्या. मग एकदा आमच्या अधारताल वस्तीतल्याच दुकानातून त्यांना घरच सापडेना. आम्ही वयावर ढकललं. तुम्ही ढकलू नका. रोजचा रस्ता चुकू लागला की डॉक्टरला दाखवा.

एमआरआय झाला, म्हणजे मेंदूचा फोटो. निदान सांगितलं त्याच दिवशी, आधी, डॉक्टरांनी स्मरणशक्तीची चाचणी घेतली. "अम्मा, कौन सा महीना चल रहा है?"

"आषाढ."

"सावन लग गया, अम्मा." डॉक्टरांनी फुली मारली.

मी उठून उभी राहिले. "साहब, आपका सावन पूर्णिमा से लगता है, हम मराठी लोगों का अमावस के बाद. हमारे घर अभी आषाढ ही है!"

त्यांनी फुली खोडली, हसलेही. मला वेडी आशा वाटली की फुलीबरोबर आजारही जाईल. पण घड्याळाचं चित्र आईंना जमलं नव्हतं, पाच मिनिटांपूर्वीचे तीन शब्दही आठवले नव्हते. मेंदूच्या पेशी हळूहळू मरतात, नवं आधी पुसलं जातं, जुनं बरंच टिकतं, गोळ्यांनी थोडा आधार मिळतो, आजार बरा होत नाही, असं त्यांनी समजावलं.

आमच्या यांनी घरी येताच फर्मान काढलं की आईला आता काही करू द्यायचं नाही. मीही ऐकलं, चूक माझीही आहे. चाळीस वर्षं शाळेत गणित शिकवलेली बाई आठवडाभर भिंतीकडे बघत बसली. मग एका सकाळी चिडून म्हणाली, "काहून बसवून ठेवलं मले?"

मी यांना ठणकावलं, "गॅस मी सांभाळते. बाकीचं काम त्यांचं त्यांना करू द्या." त्या रात्री आम्ही भांडलो. मी हटले नाही.

दिव्यांची अवस मी विसरले होते. आई विसरल्या नव्हत्या. सकाळीच घरातले सगळे दिवे काढून चिंचेने घासत बसल्या होत्या. मी जवळ बसले, तर निरखून बघत म्हणाल्या, "तू कोण वं?"

मी म्हटलं, "तुमची सून."

"अच्छा. मग बघत काय बसून राहिली? चलो, वाती कर."

मी वाती करायला घेतल्या.