गरम बॉनेट

कोणी तुमच्यासाठी सगळं आधीच तयार करून ठेवलं, तर तुम्हाला बरं वाटतं की शंका येते?

काल गॅरेजसमोर तापलेल्या ऑइलचा वास आला आणि नव्वदीतली नोएडातली धुक्याची एक सकाळ आठवली. दिल्लीतलं आर. के. पुरमचं सरकारी घर सोडून आम्ही तिथल्या नव्या सेक्टरात राहायला गेलो होतो. बाबांना ऑफिससाठी दोन बस बदलाव्या लागत, म्हणून ते जुनी गाडी घ्यायला निघाले होते. आई आणि मीही सोबत होतो. विक्रेत्याने चावी फिरवताच इंजिन अलगद सुरू झालं. बाबा हरखले.

आई शाळेत विज्ञान शिकवायची. तिने बॉनेटवर तळहात ठेवला. "एवढ्या थंडीत गरम? आपण यायच्या आधीच तापवलीय. गार होऊ दे."

"अगं, लोक बघतायत," बाबा कुजबुजले.

"बघू देत."

दुपारपर्यंत आम्ही तिथेच बसलो. मग गाडी पुन्हा सुरू केली, तेव्हा थंड इंजिनातून टकटक ऐकू आली आणि ते तापत गेलं तशी हळूहळू विरली.

"देखिए भाभीजी, गायब!" विक्रेता म्हणाला.

"गायब नहीं, छुप गई," आई म्हणाली. मग तिने बाबांना समजावलं, की झिजलेल्या सिलिंडरमध्ये थंड पिस्टन सैल आपटतो. तापल्यावर तो फुगतो, फट कमी होते आणि आवाज दबतो.

ती गाडी घेतली नाही; बाबा पुढेही बसनेच ऑफिसला जात राहिले. तेव्हा मला आईचा राग आला होता. आता वाटतं, त्या वर्षांत उदारीकरणाचा नवा बाजार आम्हाला सगळंच असं तापवून दाखवत होता.

जुनी गाडी घेणार असाल, तर ती रात्रभर बंद ठेवायला सांगा आणि सकाळी पहिली चावी स्वतः फिरवा.