जयंतीची स्टीलची ताटं

यंदा आमच्या जयंतीत थर्माकोलचं एकही ताट दिसता कामा नये, असं मी डिसेंबरातच ग्रुपवर जाहीर करून बसले. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. नवरा म्हणाला, "तुला कुणी सांगितलं होतं?" कुणीच नाही. मला मेलीला कुणी काही सांगावं लागत नाही.

वर्षभर घरात माझं हेच चाललं होतं. पेपर टॉवेल बंद, जुन्या टीशर्टांची फडकी सुरू. एसीच्या आकड्यावरून नवऱ्याशी रोजची खडाजंगी. कापडी पिशव्या बारा घेतल्या, त्या बाराही कायम गाडीच्या डिकीत, आणि आठवायच्या कधी, तर दुकानात कार्ट भरून झाल्यावर. मागे अंगणात दोरी बांधून कपडे वाळत घातले, तर आठवड्यात आमच्या कॉलनीच्या असोसिएशनचं पत्र दारात: शेजाऱ्यांना दिसतं, दोरी काढा. अमेरिकेतल्या आमच्या या कॅरी गावात ऊन रग्गड आहे, पण ते वापरायचं तर परवानगी लागते! तेरा वर्षांची लेक म्हणाली, "मॉम, यू आर सो एक्स्ट्रा." मी तिला म्हटलं, हो, करते मी अती, आहे मी एक्स्ट्रा, आता ते फडकं धुऊन टाक.

आमच्यात नुसतं जयंती म्हटलं की पुरतं, कुणाची ते सांगावं लागत नाही. एप्रिलमध्ये एक शनिवार बघून कम्युनिटी सेंटरचा हॉल घ्यायचा, सकाळी बुद्धवंदना, मग भाषणं, मग जेवण. माणसं येतात शंभर-सव्वाशे. नागपूरची, पुण्याची, मुंबईची, कुणी फार्मात, कुणी आयटीत, कुणी नुकतंच शिकायला आलेलं. मागच्या वर्षी जेवणं झाल्यावर आवरायला मी होते. थर्माकोलची ताटं, लाल ग्लास, अर्ध्या प्यालेल्या पाण्याच्या बाटल्या, आणि सगळं त्या प्लास्टिकच्या टेबलक्लॉथमध्ये गुंडाळून ढकललेलं. समतेवर दोन तास बोलायचं आणि मागे एवढा ढीग ठेवून जायचं, याची मला मनापासून लाज वाटली. म्हणून डिसेंबरातली ती घोषणा.

कमिटीची मीटिंग व्हिडिओ कॉलवर झाली. उंटावरून शेळ्या हाकायला बारा जण हजर. एकानं सुचवलं, इकोफ्रेंडली पत्रावळी मागवू. मागवल्या. त्या आल्या थेट भारतातून, समुद्र ओलांडून, पंचवीस-पंचवीसच्या गठ्ठ्याला प्लास्टिकचं वेष्टन, वरून हवेच्या फुग्यांनी भरलेला हा एवढा खोका! मी कपाळावर हात मारून घेतला. नवरा ते फुगे एकेक करून फोडत बसला होता, तेव्हा तर मला तो डोळ्यांसमोरही नको झाला.

मग पुढच्या मीटिंगला मी म्हटलं, सोपं करू. प्रत्येकानं आपापलं ताट-वाटी घरून आणा, घरी न्या, घरी धुवा. किती साधं! तर आमच्यातले सर्वांत वडील काका, मुलाकडे राहायला आलेले, एरवी मीटिंगमध्ये डुलक्या घेणारे, त्यांनी माइक सुरू केला. म्हणाले, "गावात लग्नाचं जेवण असलं की आम्हाला ताटली घरून आणायला सांगायचे. बाजूला बसवायचे. मी जयंतीला घरून ताटली आणणार नाही, बाळा." मी माझा माइक बंद केला. रागही आला आणि त्यांचं म्हणणं शंभर टक्के पटलंही, आणि असं दोन्ही एकदम झालं की माझं डोकं दुखतं.

शेवटी शार्लट शहरातल्या एका केटररनं धंदा बंद केला, त्याच्याकडून मी कप्प्याकप्प्यांची स्टीलची ताटं घेतली. एकशेवीस. गॅरेजमध्ये रचली. सगळ्यांची, सगळ्यांसाठी, एकसारखी. काकांना फोन करून सांगितलं, ते म्हणाले, "झकास." मला वाटलं, सुटलो बुवा एकदाचे.

आणि मग कुणीतरी ग्रुपवर विचारलंच, "पण घासणार कोण?" मी लिहिलं, "मी आणि अजून चार जणी. हॉलमध्ये मोठं सिंक आहे." खाली अंगठ्यांचा पाऊस. दुसऱ्यानं हात घातला की आपल्याला अंगठा दाखवायला काय जातं!

आई तेव्हा नागपूरहून सहा महिन्यांसाठी आली होती. मुख्याध्यापिका म्हणून रिटायर झालेली बाई. यंदाचं मुख्य भाषण तिचंच होतं, फोटोसकट पत्रिका सगळीकडे गेली होती. ती डायनिंग टेबलाशी मेथी निवडत होती. मी तिला कौतुकानं सगळं सांगितलं. तिचे हात थांबले.

"तू लोकायची उष्टी भांडी घासशीन?"

"आई, एक दिवसाचं तर काम आहे."

"माझी माय पाच घरी भांडी घासे. शाळेच्या आधी मी तिच्यासंगं जायची. मागच्या दारानं. आम्ही घासलेल्या ताटायवर बाई पाणी शिंपडायची, मंगच ताट आत न्यायची." तिनं मेथीची काडी मोडली. "त्यासाठी शिकवलं का मी तुले?"

आजी कामाला जायची हे मला माहीत होतं. आईही जायची, हे तिनं इतक्या वर्षांत मला सांगितलं नव्हतं. मला भडभडून आलं आणि त्याच क्षणी मी तावातावानं भांडायलाही लागले. की हे वेगळं आहे, ही आपलीच माणसं आहेत, कुणी कमी नाही नि कुणी जास्त नाही, आणि थर्माकोल पाचशे वर्षं मातीत राहतं.

"राहू दे," आई म्हणाली. "अमेरिकेतली मले आवडलेली एकच गोष्ट सांगू? जेवा, फेका, निघा. कोणाचं उष्टं कोणी काढत नाही. तू सिंकपाशी उभी राहत असशीन तं मी जयंतीले येत नाही. दुसरं कोणी पाहा भाषणाले."

आई कधी जयंती चुकवत नाही. मी पोटात होते तेव्हा नवव्या महिन्यात ती मिरवणुकीत चालली होती. तीन दिवस ती माझ्याशी धड बोलली नाही, आणि मीही हट्टानं बोलले नाही. लेक आम्हा दोघींच्या मधून हेडफोन घालून फिरत होती.

चौथ्या दिवशी मी ग्रुपवर लिहिलं, भाषा जरा कडकच होती. आपलं ताट आपण घासायचं. पुरुषांनी, बायकांनी, पोरांनी, पाहुण्यांनी. ज्याला जमणार नाही त्यानं घरून जेवून यावं. यावर मात्र अंगठे तीनच आले. आईला दाखवलं. तिनं चष्मा लावून दोनदा वाचलं आणि म्हणाली, "तू दुसऱ्याचं एकबी घासणार नाहीस?" मी म्हटलं, नाही. "मंग येते."

पांढरीशुभ्र साडी नेसून आई आली. दहा मिनिटं शिक्षणावर बोलली, माइक न लावता, शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू आलं. मला सगळा राग विसरायला झाला, तेवढ्यापुरता.

जेवणानंतर सिंकसमोर रांग लागली आणि लोकांचे खरे रंग दिसले. चार टेक-लीड आणि एक डॉक्टर, पण साबण किती घ्यायचा ते कुणाला माहीत नाही. पोरांचं "इट्स सो ग्रॉस" चाललेलं. एकाला नेमका तेव्हाच ऑफिसचा कॉल आला, शनिवारी! नळ धो धो सोडलेला, आणि आमचे हे माझ्या कानाशी येऊन म्हणतात, "यात पाणी किती वाया चाललंय बघितलंस?" मी त्यांच्याकडे असं पाहिलं की ते मुकाट पुढे सरकले. आईची पाळी आली तेव्हा रांगेत तिच्या मागे उभ्या एका विद्यार्थ्यानं हात पुढे केला, "काकू, द्या इकडे, मी घासतो." ती त्याच्याकडे पाहून हसली, पण ताट सोडलं नाही. "नाही बेटा. माझं उष्टं कोणी काढायचं नाही." तिनं ते पुढून-मागून घासलं, पुसलं, चळतीवर ठेवलं. शाळा तपासायला आलेल्या साहेबासारखी उरलेली रांगही पाहून घेतली.

मला वाटलं, झालं. हॉल रिकामा झाल्यावर पाहते तर टेबलांवर, खुर्च्यांखाली, एक तर चक्क पियानोवर, खरकटी ताटं! एकतीस. गुपचूप ठेवून पसार झालेले. समतेचे पाईक सगळे! मी फोटो काढून ग्रुपवर टाकला. "आपली ताटं इथे आहेत. हॉल सहापर्यंत आपला आहे." आणि आम्ही मायलेकी दोन खुर्च्या ओढून त्या ढिगाशेजारी बसलो. नवरा लेकीला घेऊन घरी गेला.

पहिले परत आले ते वडील काकाच. पार्किंगमधून, मुलाच्या हाताला धरून. त्यांच्या मुलानं त्यांचं आणि स्वतःचं ताट तसंच ठेवलं होतं, त्यांना पत्ताच नव्हता. "यातलं माझं कोणतं?" त्यांनी विचारलं. आई म्हणाली, "कोणतंही घ्या. पण एकच." त्यांनी एक घासलं, मुलानं एक. मग हळूहळू आणखी आले. कुणी हसत, कुणी तोंड पाडून, एक जण तर पोरीला झोपेतून उठवून. एकीचा मेसेज आला, "यार, आम्ही घरी पोचलो, प्लीज माझं पण टाक ना धुऊन." मी उत्तर दिलं नाही. आईला वाचूनही दाखवलं नाही.

सहाला पाच कमी होते आणि अकरा ताटं उरली होती. हॉलचा माणूस दारात किल्ल्या वाजवत उभा. मी वैतागून बाह्या सरसावल्या. "आई, दहा मिनिटांचं काम आहे गं. घासते आणि विषय संपवते."

तिनं माझं मनगट धरलं. शाळेत पोरांचं धरायची तसं, घट्ट. "नाही."

"मग काय करू? तशीच घरी नेऊ?"

"घरी नेऊन घासशीन तूच."

दुसऱ्या हातानं तिनं कोपऱ्यातली कचऱ्याची पिशवी ओढली आणि तिचं तोंड उघडून माझ्यासमोर धरलं.

"आई, स्टीलची आहेत ती!"

"दिसते मले."

तिचे डोळे भरले होते. मला तर इतका संताप आला होता की तो कुणाकुणावर काढू तेच कळेना. त्या अकरा जणांवर, तिच्यावर, माझ्या आजीच्या हातच्या ताटांवर पाणी शिंपडणाऱ्या त्या बाईवर. वर्षभर प्लास्टिकचा एक चमचा कुणाला फेकू न देणारी मी. एक ताट उचललं आणि पिशवीत टाकलं. मग दुसरं. अकराही टाकली.

पिशवी चांगलीच जड झाली होती. मी घ्यायला हात पुढे केला, पण आईनं ती मला दिली नाही. दोन्ही हातांनी उचलून, मध्ये दोनदा थांबत, ती स्वतः कचऱ्याच्या डब्यापर्यंत घेऊन गेली.