न घासणारं सील

जावई म्हणजे दहावा ग्रह म्हणतात. आमच्या सासऱ्यांच्या पत्रिकेत असे दोन आहेत. थोरला मी आणि धाकटा माझा साडू. सरळच सांगतो, त्या धाकट्यावर मी जळायचो. आता वय झालं, आता काही वाटत नाही, असं लिहिलं तर शोभून दिसेल. पण खोटं कशाला बोलू?

सासऱ्यांना मी मामा म्हणतो. त्यांची दिंडोरी तालुक्यात द्राक्षबाग आहे. माझं नाशकात पेठ रोडला छोटं वर्कशॉप. एक लेथ, एक ड्रिल, एक वेल्डिंगचं मशीन आणि मी. लग्न झाल्यापासून मामांच्या ब्लोअरचं काम माझ्याकडे होतं. ब्लोअर म्हणजे ट्रॅक्टरमागे ओढायची फवारणीची टाकी, आणि तिच्या मागे मोठा पंखा. पंख्याच्या शाफ्टवर बेअरिंग असतं. त्यात औषधाचं पाणी शिरू नये म्हणून रबराचं ऑइल सील बसवतात. हे सील शाफ्टला घट्ट चिकटून असतं म्हणून पाणी अडतं, आणि घट्ट चिकटून असतं म्हणूनच घासून झिजतं. ऑक्टोबर छाटणी जवळ आली की ते गेलेलं असायचंच. मग मामांचा फोन यायचा, "जावईबापू, ब्लोअर खडखडतोय. येताय ना?"

येताय ना म्हणजे काय! मी आदल्या दिवशीच पान्हे काढून ठेवायचो. सील बदलणं तासाभराचं काम, पण मी त्याची दुपार करायचो. अंगणात पोतं अंथरून एकेक बोल्ट मांडून ठेवायचो. आत सासूबाई, म्हणजे मामी, काळ्या मसाल्याचं मटण शिजवायच्या. शेजारचे दोघंतिघं बघायला यायचे आणि मामा त्यांना सांगायचे, "आमच्या थोरल्याच्या हाताला लय गुण हाय." त्या एका वाक्यावर माझं वर्ष निघायचं. हसा, खुशाल हसा.

साडू सातपूरला पंपाच्या कारखान्यात डिझाइनचं काम करतो. मूळचा इगतपुरीकडचा. हळू बोलतो, दुसऱ्याचं पूर्ण ऐकून घेतो, आणि सासुरवाडीला चहा प्यायला की कप स्वतः विसळून ठेवतो. तो कप माझ्या बायकोने मला इतक्या वेळा ऐकवलाय की विचारू नका.

एका वर्षी मी पोतं अंथरलं, आणि हा वर्तमानपत्रात गुंडाळलेली दोन कडी घेऊन हजर. एका कड्यावर एकात एक गोल उंचवटे, दुसऱ्यावर तशाच खाचा. दोन्ही हातांची बोटं एकमेकांत घालावीत, पण बोटाला बोट लागू देऊ नये, तशी ती एकमेकांत बसत होती.

"दादा, हे लॅबिरिंथ सील. आमच्या पंपांना असतं," तो म्हणाला. "एक कडं शाफ्टबरोबर फिरतं, एक जागेवर राहतं. मधे बारीक फट. कुठेच घासत नाही, त्यामुळे झिजायचा प्रश्नच नाही."

"घासत नाही तर पाणी अडवतं कशाने? मंत्राने?" मी विचारलं.

तो हसला. "अडवतच नाही, दादा. आत जायचं तर पाण्याला इतकी वळणं घ्यावी लागतात की वाटेतच त्याचा जोर जातो. आमच्या इगतपुरीच्या पावसात हेच शिकलो. पाण्यासमोर दार लावून उपयोग नसतो, त्याला वळवावं लागतं."

"म्हंजे चक्रव्यूहच की!" मामा लहान मुलासारखे खूश झाले. "मग आता दर साली खोलायला नको?"

"नको मामा. दादांची दगदग वाचली."

दगदग! माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. अरे बाबा, माझ्या वर्षभराच्या मानाला तू दगदग म्हणतोस? तो खालच्या बाजूला बोट ठेवून पुढे काहीतरी समजावत होता. मी हात धुवायला उठलो. हात स्वच्छच होते.

पुढच्या वर्षी छाटणी आली आणि फोन आला नाही. मी मोबाइल दोनदा बंद करून चालू केला. बायको म्हणाली, "अहो, बोलावणं कशाला हवं? सहज म्हणून जाऊन या." सहज म्हणून जाणाऱ्याचा काय मान असतो, हे तिला कोण सांगणार? तरी छाटणी उलटून गेल्यावर, ऐन फवारणीच्या दिवसांत, गेलोच.

मामा बागेत होते. ब्लोअर शेडमध्ये नुकताच धुऊन ठेवलेला. मी वाकून बघितलं तर सीलच्या खालून पाण्याचा एक थेंब पडला. थोड्या वेळाने आणखी एक. गळतंय! काय आनंद झाला म्हणून सांगू! टॉर्च मारला तर बाहेरच्या कड्याला तळाशी पेन्सिलच्या शिसाएवढं भोक. वा रे इंजिनिअर! एवढा चक्रव्यूह रचला आणि भोक बुजवायचं विसरला!

मी गाडीच्या डिकीतून लाल सिलिकॉन काढलं आणि भोक भरून टाकलं. घरात जाऊन मामींना ऐटीत सांगितलं, "धाकट्याच्या कामात थोडं राहिलं होतं, मी केलं." मी मोडायला गेलो नव्हतो हो, दुरुस्त करायलाच गेलो होतो. पण मनात काय होतं ते मला ठाऊक आहे.

आठ-दहा दिवसांनी अवकाळी पाऊस झाला. बाग फुलोऱ्यात, वर ढग, सगळीकडे डावणीची भीती. अशा वेळी एक दिवस फवारणी चुकली तर तो रोग घडात शिरतो. आणि नेमका त्याच सकाळी ब्लोअर जाम झाला. बेअरिंग फिरेचना. शेजाऱ्यांचे ब्लोअर त्यांच्याच बागेत गुंतलेले. दोन दिवसांनी एकाचा मिळाला, तोवर बागेच्या खालच्या तुकड्यात डावणी शिरली होती.

रविवारी मामांनी दोघाही जावयांना बोलावून घेतलं. साडू खोलायला बसला आणि मामांच्या तोंडाचा पट्टा सुरू झाला. "लय शिकल्याचं हे असं! रबराच्या सीलनं इतक्या वर्सात कधी ऐन टायमाला दगा दिला नाय. आमच्या थोरल्याचंच काम बरं होतं." शेजारी उभे होते, मामी दारात होत्या. याच वाक्याची मी वाट बघत होतो. ऐकून पोटात थंड वाटलं, हेही लिहून टाकतो.

मग त्याने कडं ओढलं. आतून गंजाचं तांबडं पाणी भळकन आलं आणि त्याबरोबर एक लाल गोळी त्याच्या तळहातावर पडली. लाल सिलिकॉन आमच्या घराण्यात एकटा मी वापरतो. मामींचा नळ, मामांची मोटर, साडूच्या घरचा गीझर, सगळीकडे माझं लाल ठिगळ आहे. त्याने गोळीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि मूठ मिटली.

"मामा, माझंच चुकलं," तो म्हणाला. "भोक बारीक ठेवलं, ते बुजलं."

"कसलं भोक?"

"वळणं घेऊनही थोडं पाणी आत येतंच. ते बाहेर पडायला खाली वाट ठेवलेली असते. ती बंद झाली की पाणी आतच साठतं."

म्हणजे मी हात धुवायला उठलो तेव्हा तो हेच सांगत होता.

अरे, निदान ओरडायचं तरी! चारचौघांत माझी अब्रू काढली असती तर हिशोब फिटला असता. पण नाही. हा मनाचाही मोठा निघाला, आणि मला त्याचाही हेवा वाटला. जेवायला बसलो खरा, पण अर्ध्या ताटावरून उठलो आणि खालच्या तुकड्याकडे गेलो.

मामा आमच्या आधीच जेवून तिकडे गेले होते. तपकिरी पडलेले घड तोडून टाकत होते. मी तिथेच सगळं सांगितलं. भोक, सिलिकॉन, आणि न आलेला फोनसुद्धा. त्यांचा हात थांबला नाही.

"आन् त्या पोराला मी सगळ्यांदेखत नाय नाय ते बोललो," ते म्हणाले. पुढच्या वेलीला गेले आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "जावईबापू, आमच्या घरी जेवायला यायला ब्लोअर मोडावा लागतो व्हय?"

मी शेजारच्या ओळीत शिरलो. कोणता घड तोडायचा, कोणता ठेवायचा, तेही त्यांनाच विचारावं लागलं.

यंदा छाटणीआधी फोन आला, तो साडूचा. "दादा, सीलचं ते भोक वर्षातून एकदा साफ करावं लागतं. सगळं खोलावं लागेल. मला सुट्टी नाही. तुम्ही जाल का?"

ते भोक बाहेरून तारेने अर्ध्या मिनिटात साफ होतं. काही खोलावं लागत नाही. हे त्याला माहीत आहे, आणि मला माहीत आहे हेही त्याला माहीत आहे. इतकं चांगलं वागायचं काय अडलंय या माणसाचं, देव जाणे!

"बघतो," म्हणालो, आणि गेलो. पोतं अंथरलं, एकेक बोल्ट मांडला, दुपार केली. मामींनी मटण केलं होतं. जेवण झालं, चहा झाला, आणि मी उठून माझा कप विसळून ठेवला. मामी बघतच राहिल्या.