अप्पांचा काचेचा अंतरपाट

आमच्या घरात कांदासुद्धा शेजाऱ्यांना वास जाणार नाही अशा बेतानं शिजायचा, आणि बैठकीच्या खोलीत मात्र मासे राहत. खायला नव्हेत हो, लग्न लावायला! हा उद्योग माझ्या वडिलांचा, म्हणजे अप्पांचा. तंजावरात राजवाड्यामागच्या आमच्या गल्लीत बहुतेक घरं मराठी, पण पलीकडच्या गल्लीतले तमिळ लोक अप्पांना 'मीन रायर' म्हणायचे, म्हणजे माशांचे रावसाहेब. ते ऐकून आई कपाळावर हात मारून घ्यायची. अप्पा मात्र खूश.

अप्पा कालव्यांच्या खात्यात ओव्हरसियर होते. गोऱ्या इंजिनिअरच्या बंगल्यावर त्यांनी एकदा काचेच्या पेटीतले सोनेरी मासे पाहिले आणि घरी येऊन नाक मुरडलं. "साहेबाचे मासे मेंगळट. ढकललं तरी 'थँक्यू' म्हणतील. आपल्या कालव्यातले बघा, काय मानी!" मग त्यांनी लोहाराकडून लोखंडी चौकट करून घेतली, तिला काचा बसवल्या आणि समुद्राच्या बाजूच्या कालव्यातून तळहाताएवढे हिरवट मासे आणले. अंगावर काळे पट्टे, म्हणून त्यांचं नाव पट्टेवाले. आणले ते आईच्या दुधाच्या कडीच्या डब्यातून. त्या डब्यात पुन्हा कधी दूध पडलं नाही.

पट्टेवाले भलतेच भांडखोर. आपल्या कोपऱ्यात दुसरा आला की अंगावर धावून जात, पंख ओढत, काचेबाहेरच्या मांजरालासुद्धा सोडत नसत. पण खाणं म्हणाल तर पालक आणि भाताची शितं. "पक्के शाकाहारी आहेत," अप्पा आल्यागेल्याला सांगत. आई आतून ओरडायची, "आणि स्वतःची अंडी गिळतात ते? एकादशी तरी बघतात का मेले?"

या माशांची पिल्लं आपल्या पेटीत व्हावीत, एवढाच अप्पांचा ध्यास. नर-मादी ओळखायची पंचाईत, कारण दोघं दिसायला सारखीच. अप्पांनी अंदाजानं एक मोठा नर आणि एक लहान मादी निवडली, आणि पेटीच्या मधोमध एक सुटी काच उभी सरकवली. दोघांनी दोन बाजूंनी एकमेकांना बघायचं, सवय झाली की काच काढायची. या काचेला अप्पा अंतरपाट म्हणत. आईनं ऐकलं मात्र, म्हणाली, "लग्नच लावताय तर मुहूर्त तरी बघा!" आणि अप्पांनी खरंच बघितला. अक्षय्य तृतीयेला, चांगल्या घटकेला, हातात चार अक्षता घेऊन त्यांनी काच वर काढली. आम्ही सगळे हसत होतो.

दिवेलागणीला मादी कोपऱ्यात पडली होती. पंखांच्या चिंध्या झाल्या होत्या. सकाळी ती गेली.

अप्पा त्या दिवशी जेवले नाहीत. परसात नारळाखाली खड्डा करून तिला पुरलं आणि विहिरीवर अंघोळ करून आले. आई हळूच म्हणाली, "मुहूर्त चुकला असेल." अप्पा म्हणाले, "मुहूर्त बरोबर होता. ती तयार नव्हती. घाई आपण करतो, मार ती खाते." अप्पांचे डोळे भरलेले मी तेव्हा पहिल्यांदा पाहिले. एका माशासाठी! मला हसूही येईना आणि रडूही येईना.

पुढच्या जोडीला त्यांनी मुहूर्त बघितला नाही. महिनोन् महिने काच तशीच. आई विचारायची, "अहो, म्हातारी होतील ती!" अप्पांचं ठरलेलं उत्तर: "पाटी घासू दे आधी." अंडी घालण्याआधी हे मासे दगड तोंडानं घासूनपुसून लख्ख करतात. अप्पांनी अंतरपाटाच्या दोन्ही बाजूंना माझ्या शाळेतल्या पाटीचे तुकडे ठेवले होते. एके दिवशी दोघंही आपापल्या बाजूनं पाटी घासू लागली, तेव्हा कुठे काच निघाली. त्या जोडीला पिल्लं झाली. आईबाप दोघं पिल्लांभोवती पहारा करत फिरायचे. माझी आईसुद्धा पाट सरकवून पेटीसमोर बसली, आणि मग "चला, कामं पडली आहेत" म्हणत बराच वेळ उठली नाही.

अशात मला स्थळ आलं, पापनाशमचं. मी विशी ओलांडलेली, गल्लीतल्या बायका आईला रोज विचारून हैराण करणाऱ्या. मुलगा शाळेत मास्तर. कुंडली जमलेली. मंडळी आली, सोज्जी-बज्जी, म्हणजे मुलगी दाखवतानाचा शिरा आणि भजी, झाली, मी खाली मान घालून नमस्कार केला. मुलाचे वडील कॉफीचा टंबलर खाली ठेवून म्हणाले, "मुलगी पसंत. आजच तांबूल देऊन लग्न पक्कं करून टाकू."

अप्पा म्हणाले, "आज नको. मुलानं पुढच्या रविवारी यावं, नुसतं बसावं, बोलावं. पोरीलाही बघू दे."

"बसावं? कसाला?"

"एकदा घाईनं माशाचं लग्न लावून बसलोय. पोरीचं नाही लावणार."

"अय्यय्यो! आम्हाला माशांच्या पंगतीला बसवता?" ते गृहस्थ बज्जी तशीच टाकून उठले. आई स्वयंपाकघरात ढसाढसा रडली. मीही रडले, कारण मान खाली असली तरी मला मुलगा दिसला होता आणि आवडलाही होता. आता पुन्हा कोण येतंय! आईनं अप्पांशी बोलणं टाकलं. जेवण तयार झालं की पेटीसमोर उभी राहून माशांना सांगायची, "त्यांना म्हणावं, पान वाढलंय."

रविवारी पापनाशमची गाडी आली आणि मुलगा एकटाच दारात उभा. "मासे बघायला आलोय," म्हणाला. घरी काय सांगितलं, ते त्यानं सांगितलं नाही.

मग दर रविवारी हे येऊ लागले. हेच आमचे 'हे'. पेटीच्या पलीकडे हे, अलीकडे मी, मधे पाणी. पहिल्यांदा माशांबद्दल बोललो, मग भांडलो. हे म्हणत वाळू बदला, मी म्हणे मुळीच नाही. आई धसकली. अप्पा म्हणाले, "भांडू दे. कुणी कोपऱ्यात जाऊन पडत नाही ना, तेवढंच बघायचं."

एका रविवारी काचेवर शेवाळ धरलं होतं. मी आत हात घालून काथ्यानं घासत होते. हे म्हणाले, डाग बाहेरून आहे. मी म्हटलं, आतून आहे. त्यांनी फडकं घेतलं, आणि आतून मी, बाहेरून हे, असं घासत आमचा वाद चालला. अप्पांनी वर्तमानपत्राआडून बघितलं, सावकाश उठले आणि स्वयंपाकघराच्या दाराशी जाऊन म्हणाले, "अगं, पाटी घासायला लागली दोघं. आता बोलाव शास्त्रीबुवांना."

पापनाशमच्या मामंजींचा राग काही दिवसांनी निवळला, आणि लग्न झालं. मंगलाष्टकं संपत आली, वाजंत्रीवाले तयार, अक्षतांच्या मुठी वर झालेल्या. एवढ्यात अप्पांनी हात वर करून सगळ्यांना थांबवलं. शास्त्रीबुवा घड्याळ दाखवू लागले, मामंजी पुन्हा लाल झाले. अप्पा अंतरपाटाच्या माझ्या बाजूला आले, वाकले आणि हळू आवाजात विचारलं, "काढू ना गं?"

अप्पा जाऊन आता कितीतरी वर्षं झाली. त्यांच्या मागे पेटी गंजली, मासे कालव्यात सोडले. आमच्या पिढीतल्या मुलींना काय काय मिळालं: दागिने, भांडी, शालू. पण त्या घटकेला थांबून कुणी त्यांना विचारलं नाही. मला माझ्या अप्पांनी विचारलं. मी मान हलवली, आणि मगच त्यांनी पडदा काढू दिला.