बंदीआधीचं पिस्तूल

गौरांगी खरे नागपूरच्या कॉलेजात एनसीसीत होती तेव्हा रायफलचा तिचा नेम पोरांनाही भारी पडायचा. पुढे कॅनडात, कॅल्गरीच्या तेलकंपनीत इंजिनिअर झाली, संसार झाला, मुलगी टोरंटोला शिकायला गेली, आणि पन्नाशीच्या उंबरठ्यावर तिला पुन्हा नेमबाजीची ओढ लागली. ऑफिसातला अनिश गन क्लबचा जुना मेंबर. त्याने तिच्याकडून बंदुकीचा सेफ्टी कोर्स करवून घेतला, लायसन्सला अप्लाय करायला लावलं आणि क्लबात तिच्यासाठी शब्द टाकला.

तेवढ्यात बातमी आली की सरकार पिस्तुलांची विक्री बंद करणार. दुकानांवर झुंबड उडाली. गौरांगी पोचेपर्यंत कपाटं जवळपास रिकामी झाली होती. उरलेल्यांतलं एक वापरलेलं पिस्तूल तिने घाईघाईत घेतलं. कागदपत्रं होऊन ते घरी आलं आणि थोड्याच दिवसांत बंदी लागू झाली. आता ते बदलायचं म्हटलं तरी दुसरं मिळणार नव्हतं.

आणि पिस्तुलाने पहिल्याच दिवसापासून तिचा जीव खाल्ला. दोन-चार गोळ्या सुटल्या की काडतुसाची रिकामी पुंगळी आत अडकायची. सुटलेल्या गोळ्याही निशाणाच्या एका कडेला, भलतीकडेच लागायच्या. अनिशचं पिस्तूल हातात घेतलं की मात्र त्याच गोळ्या काळ्या वर्तुळात बसायच्या. तिने तेल बदललं, काडतुसं बदलली, व्हिडिओ पाहून पाहून पकड बदलली. फरक शून्य. शनिवारी क्लबात जायचं तिला नकोसं वाटायला लागलं.

जानेवारीतल्या एका शनिवारी क्लबाच्या रेंजवर गर्दी होती. अनिश तिच्या मागे जरा बाजूला उभा होता. पहिलं मॅगझिन निम्म्यावर अडकलं, तिने ते सोडवलं. दुसरंही अडकलं. शेजारचा गोरा म्हातारा कुतूहलाने बघतोय की कीव करतोय, तिला कळेना. तिने दात आवळून पुन्हा चाप दाबला. काहीच झालं नाही. तिच्या डोक्यात सणक गेली.

"बघ ना, परत तेच," असं म्हणत ती पिस्तूल दाखवायला गर्रकन मागे वळली.

नळी अनिशच्या पोटाच्या रोखाने होती. तिचं बोट अजून चापावरच होतं.

अनिशने आवाज चढवला नाही. "गौरांगी, बोट बाहेर काढ," तो म्हणाला. तिला स्वतःचं बोट सापडेना. कानांवरच्या, आवाज अडवणाऱ्या मफमधून त्याचा आवाज लांबून आल्यासारखा वाटला. बोट कसंबसं सुटलं. "आता हळू निशाणाकडे वळ."

ती वळली. रेंज ऑफिसरने तोवर सगळ्यांचा गोळीबार थांबवला होता. त्याने पिस्तूल काढून घेतलं, मॅगझिन बाहेर ओढलं, स्लाइड मागे खेचली. एक जिवंत काडतूस खण्णकन फरशीवर पडलं. अनिशने ते पाहिलं आणि तो भिंतीला टेकला.

क्लबने तिला सहा महिन्यांसाठी सस्पेंड केलं. नंतर ऑफिसात अनिश कामापुरतं बोलायचा आणि लंचला दुसऱ्या टेबलावर बसायचा.

तिने पिस्तूल कारागिराला दाखवलं. पुंगळी बाहेर ओढणारी आकडी झिजली होती आणि नेम धरायची मागची खाच सरकलेली होती. म्हणजे दोष खरंच पिस्तुलाचा होता. महिनाभर आधी हे कळतं तर ती हरखली असती. आता ती दुरुस्तीचे पैसे देऊन तशीच बाहेर पडली.

त्या रविवारी ती अनिशच्या घरी गेली. त्याच्या बायकोने, अक्षताने, दार उघडलं, बसा म्हणाली, पण तिच्याकडे बघितलं नाही. गौरांगी बसली नाही.

"पिस्तूल बिघडलेलंच होतं," ती अनिशला म्हणाली. "पण वळले मी. ते पिस्तुलाने नाही केलं."

अनिश खिडकीबाहेरच्या बर्फाकडे बघत म्हणाला, "मला अजून झोपेत ती नळी दिसते."

अक्षताने चहा आणून ठेवला तेव्हा गौरांगी खुर्चीच्या कडेवर टेकली.

उन्हाळ्यात तिने सेफ्टी कोर्स पुन्हा पहिल्यापासून केला. क्लबात परतायच्या आदल्या दिवशी अनिश आपणहून तिच्या डेस्कपाशी आला.

"येतो उद्या," तो म्हणाला. "पण आत नाही. काचेपलीकडे बसेन."

"चालेल," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी ती लेनवर उभी राहिली तेव्हा तो खरंच काचेपलीकडच्या बाकावर बसला होता. हातात कॉफी होती, आणि नजर पूर्ण वेळ तिच्या हातांवर.